उत्तराचा रकाना

‘सर गेले. आज सकाळी.’ शोभावहिनींचा मेसेज एवढाच होता. सिंगापूरच्या हार्बरफ्रंट स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर मी उभी होते, एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात फोन, आणि खरं सांगते, बावळटासारखं माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की कुठे गेले? त्यांना तर डॉक्टरांनी घराबाहेर पडू नका म्हणून बजावलं होतं. जिना संपला, मागच्या माणसाचा धक्का लागला, तो ‘सॉरी आह’ म्हणून पुढे गेला आणि मग कुठे माझ्या डोक्यात शिरलं. तिथेच एका खांबाला टेकून मी उभी राहिले. ज्या माणसानं निघताना काय म्हणायचं आणि निघणाऱ्याला काय म्हणायचं, हे शिकवण्यात आपले सगळे शनिवार घालवले, तो निघाला, आणि मला साधा मराठी शब्द कळेना. त्याला आता सहा आठवडे झाले.

सर म्हणजे यशवंत गजभिये, शोभावहिनी त्यांच्या पत्नी. या पुरवणीच्या वाचकांनी सरांचं नाव ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही. नागपूरकडचे, इंजिनीअर, आंग मो किओला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात नोकरी केली आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. क्वीन्सटाउनच्या जुन्या वसाहतीत अकराव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. आणि त्याच वसाहतीतल्या कम्युनिटी रूममध्ये दर शनिवारी सकाळी त्यांचा वर्ग असायचा. दारावर इंग्रजीत कागद चिकटवलेला, ‘जॅपनीज ग्रीटिंग्ज, नो ग्रामर’. मी त्या वर्गात विद्यार्थिनी म्हणून गेले आणि पुढे खुर्च्या मांडणारी, उशिरा येणाऱ्यांवर डोळे वटारणारी मदतनीस होऊन बसले. पण हे सगळं मी त्यांचं कौतुक करायला लिहीत नाहीये. कौतुक त्यांना चालायचं नाही, लगेच विषय बदलायचे. माझ्याकडून त्यांना एक उत्तर द्यायचं राहिलं. सात वर्षं राहिलं. ते कसं राहिलं, तेवढंच मला सांगायचं आहे.

आमची ओळख झाली ती माझ्या मूर्खपणामुळे. मी एका जपानी शिपिंग कंपनीत कागदपत्रांच्या विभागात आहे. अकरा वर्षांपूर्वी आमचे विभागप्रमुख मोरी सान निवृत्त होऊन मायदेशी निघाले. म्हटलं, आपण त्यांच्याच भाषेत दोन शब्द बोलावेत. इंटरनेटवर शोधलं, ‘तुम्ही फार कष्ट घेतलेत’ याला जपानीत काय म्हणतात? सापडलं. आरशासमोर उभं राहून पाठ केलं. आणि केक कापून झाल्यावर, सगळं ऑफिस गोल उभं असताना, मी पुढे झाले, कंबरेत वाकले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, ‘गोकुरोसामा देशिता!’ जपानी मंडळी आपापल्या बुटांकडे बघायला लागली. मोरी सान मात्र थोर माणूस, त्यांनी हसून माझ्याहून खाली वाकून आभार मानले. काहीतरी शेण खाल्लंय एवढं मला कळलं, पण काय ते सांगेना कुणी. शेवटी दुसऱ्या दिवशी रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, तुमचाच एक इंडियन अंकल आहे क्वीन्सटाउनला, तो हे सगळं इंग्लिशमध्ये समजावतो, त्याला विचारा.

शनिवारी गेले. उंच, सावळे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मराठी आहेत कळल्यावर मी मराठीतच सगळी हकिगत सांगितली. त्यांनी आधी डोक्याला हात लावला आणि मग इतके हसले की खुर्चीत बसावं लागलं. ‘अरे बाप्पा! ताई, तुम्ही सायबाले शाब्बास म्हणून आल्या!’ मग डोळे पुसून नीट समजावलं. दमलेल्या माणसाला म्हणायचे दोन शब्द आहेत. गोकुरोसामा हा वरच्यानं खालच्याला म्हणायचा, साहेबानं हाताखालच्या माणसाला. बरोबरीच्याला किंवा वरच्याला म्हणायचं ते ओत्सुकारेसामा. मी निवृत्त होणाऱ्या विभागप्रमुखाची पाठ थोपटून आले होते. मला रडू यायचं बाकी होतं, आणि तरी, सवयीचा परिणाम बघा, निघता निघता मी विचारलंच, ‘गजभिये म्हणजे नागपूरकडचे ना तुम्ही?’ आम्ही पुण्याचे. आडनावाची उलटतपासणी झाल्याशिवाय आम्हाला समोरचा माणूस नीट दिसत नाही. ते म्हणाले, ‘हाव. नागपूरकडचेच.’ त्या ‘च’वर थोडा जोर होता. तो मला ऐकू आला आणि मी तो ऐकला नाही असं केलं.

त्यांच्याकडे एक मोठी रजिस्टरची वही होती, लाल कापडी पाठीची. प्रत्येक पानावर पट्टीनं आखलेले चार रकाने. काय म्हणतात. त्यानं काय होतं. कोण म्हणू शकतं. आणि उत्तर काय द्यायचं. अर्थाचा रकानाच नव्हता. यावरून वर्गातल्या ग्रॅहम नावाच्या इंग्रजाचं आणि त्यांचं कायम वाजायचं. ग्रॅहम बंदरात नोकरीला, बायको जपानी, सासूशी बोलता यावं म्हणून आलेला. दर वेळी पेन उगारून विचारायचा, ‘पण त्याचा अर्थ काय?’ सर म्हणायचे, ‘अर्थ काढायला बसलास तर सासू जेवून झोपून जाईल. तुझ्या “हाउ डू यू डू”चा अर्थ काय ते सांग आधी.’ ओत्सुकारेचा शब्दशः अर्थ ‘दमलात’ असा होतो म्हटल्यावर ग्रॅहम हादरलाच. ‘मी घरी जाऊन बायकोला तू दमलेली दिसतेस म्हटलं तर मला सोफ्यावर झोपावं लागेल!’ वर्ग हसला. मी मात्र सरांकडे बघितलं आणि सरांनी माझ्याकडे, कारण ‘दमलास का रे?’ यात किती माया असते हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

तसंच त्या ‘ओसाकी नी’चं. ऑफिसातून इतरांच्या आधी निघताना जपानी माणूस म्हणतो, तुमच्या आधी निघतोय, माफ करा. ग्रॅहमला पटेना. आधी म्हणजे कशाच्या आधी? शर्यत आहे का? तेवढ्यात मागच्या रांगेतल्या लिम आंटी, होक्काइदोच्या सहलीसाठी शिकायला आलेल्या, एकदम म्हणाल्या, ‘अय्या, आय गो फर्स्ट आह! सेम सेम, व्हॉट!’ सिंगापुरात रोज संध्याकाळी हजारो लोक डबा उचलताना हेच म्हणतात. सरांनी टाळ्या वाजवल्या. ‘बघा, ज्याचं त्याच्यापाशी असतेच. फक्त जागा शोधून द्यावी लागते.’ ‘दोमो’ सुद्धा त्यांनी असंच शिकवलं. आभार, माफी, नमस्कार, कशालाही चालतं, तुमच्या सिंगापुरी ‘कॅन’सारखं, म्हणाले. कॅन? कॅन. कॅन लाह. चालेल? चालेल. चालेल की. आंटी खूश. आणि घरातून निघताना जपानी माणूस म्हणतो, इत्ते किमासु, जाऊन येतो, आणि घरातला म्हणतो, इत्तेराश्शाइ, जाऊन ये. हे आलं की सर मला उभं करायचे. ‘ताई, घरून निघताना तुम्ही काय म्हणता?’ मी म्हणायचे, ‘येते.’ ‘जाऊन राह्यल्या आणि म्हणता येते?’ ‘मग? “जाते” म्हटलं तर माझी आई चप्पल काढायला लावून परत घरात बसवायची.’ ग्रॅहम मान हलवत लिहून घ्यायचा. सायोनारावर मात्र त्या वर्गात बंदी होती. तो शब्द रोजच्या माणसांना म्हणायचा नसतो, फार लांबचा वाटतो, म्हणून सर सगळ्यांना ‘माता ने’ म्हणायला लावायचे. परत भेटू.

हे सगळं ते कुठे शिकले, हे एकदा चहा पिताना सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला पुण्यात एका कारखान्यात होते. तिथून कंपनीनं दोन वर्षांसाठी जपानला प्रशिक्षणाला पाठवलं. कारखान्याचं वसतिगृह, आणि ते सांभाळणारी एक म्हातारी. पहिल्याच संध्याकाळी हे दमून आले तर ती दारात उभी. म्हणाली, ‘ओकाएरी.’ यांना काही कळेना. हे नुसते हसले आणि आत जायला लागले, तर तिनं वाट अडवली. स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाली, ओकाएरी. मग यांच्या छातीवर बोट ठेवून म्हणाली, तादाइमा. म्हणजे मी म्हणणार, आलास? तू म्हणायचं, आलो. तसं म्हटल्यावरच तिनं आत सोडलं. दोन वर्षं, रोज. सांगताना सर खिडकीबाहेर बघत होते. ‘ताई, मी कोण, कुठचा, कोणाचा, हे न विचारता आधी “आलास?” म्हणणारी ती पहिली परकी बाई. त्याच्याआधी मी पुण्यात खोली शोधून राह्यलो होतो ना. पाटी असायची, खोली भाड्याने देणे आहे. आडनाव सांगितलं की खोली आत्ताच गेलेली असायची.’ हे त्यांनी हसत हसत सांगितलं. मी म्हणाले, ‘पूर्वीची गोष्ट आहे हो ती.’ ते म्हणाले, ‘हाव. पूर्वीचीच.’ आणि मला अजून अर्धा कप चहा ओतला.

आता मुद्द्याचं. वेसाकची सुट्टी होती, सात वर्षांपूर्वी. आपल्याकडची बुद्धपौर्णिमा. सरांनी घरी बोलावलं होतं. मी आणि माझी मुलगी ईशा, तेव्हा पंधरा वर्षांची, दोघी गेलो. त्यांच्या फ्लॅटमध्ये महाराष्ट्रातली दहा-बारा बौद्ध कुटुंबं जमली होती, कुणी इंजिनीअर, कुणी संशोधक, पोरं इकडून तिकडे पळतायत, शोभावहिनींनी पातेलं भरून खीर केलेली. लोखंडी जाळीचं दार सताड उघडं आणि सर दारात उभे, येईल त्याचं स्वागत करत. आमच्यापुढे तीन-चार जण होते. सर एकेकाला हात जोडून म्हणत होते, ‘जय भीम.’ समोरून तितक्याच मोकळेपणानं, ‘जय भीम!’ असं करत करत माझी पाळी आली, आणि त्याच ओघात, त्याच चेहऱ्यानं, ते मला म्हणाले, ‘जय भीम, ताई!’

माझी जीभ उचलेना. एक क्षणभरच. त्या एका क्षणात माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते लिहायला बसले तर हा लेख पुरायचा नाही... हे आपण कसं म्हणायचं, हे आपलं नाही, आपण म्हटलं तर ढोंग वाटेल, आणि तळाशी, अगदी तळाशी, आमच्या घरात हा शब्द ज्या सुरात घेतला जायचा तो सूर. मी हात जोडले आणि म्हणाले, ‘नमस्कार, नमस्कार.’ दोनदा म्हणाले, जणू दोनदा म्हटल्यानं भरपाई होणार होती. सरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. ‘या ना, बसा,’ म्हणाले. खीर मी दोन वाट्या खाल्ली. घरी जाताना लिफ्टमध्ये ईशा म्हणाली, ‘ही सेड हाय टू यू, ममा. यू जस्ट से इट बॅक लाह. व्हाय सो हार्ड?’ मी तिला म्हटलं, तुला नाही कळायचं ते. खरं तर तिलाच कळलं होतं.

पुढच्या शनिवारी वर्गात ग्रॅहमनं विचारलं, समजा कुणी काही म्हटलं आणि त्याचं उत्तर मला आलं नाही, तर मी नुसतं हॅलो म्हटलं तर चालेल का? सर वहीत काहीतरी लिहीत होते. वर न बघता म्हणाले, ‘चालते ना. कोणी रागावत नाही. फक्त मग ते तुला पुन्हा तसं म्हणत नाहीत.’ ते माझ्यासाठी होतं की नव्हतं, देव जाणे. मी खुर्च्या सरळ करायला उठले. पण खरंच, त्यानंतर ते मला कधी जय भीम म्हणाले नाहीत. सात वर्षं ‘नमस्कार, ताई.’ तेवढ्याच प्रेमानं, तसूभरही कमी नाही. माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज डबा घेऊन आले, ईशाला गणितात मदत केली, माझं नागपुरी ऐकून पोट धरून हसले. पण तो एक शब्द त्यांनी माझ्यापुढून उचलून घेतला, पाहुण्याला नको असलेलं ताटातलं काढून घेतात ना, तसा. मला कितीदा वाटलं, आपणच आधी म्हणावं. काय जातंय? पण दर वेळी वाटायचं, आता एकदम काय म्हणून म्हणायचं? का म्हणतेय असं त्यांनी विचारलं तर? आणि मनाची समजूत काढायला ते जुनं कारण हाताशी होतंच, की ते त्यांचं आहे बाई, आपण म्हणणं बरं दिसत नाही. वा रे वा! जपानी लोकांचं वाट्टेल ते म्हणताना मला कधी असा प्रश्न पडला नाही. तिथे कंबरेत वाकायलाही मी तयार.

यंदा त्यांचं हृदय थकलं. जिना चढणं बंद, मग वर्ग बंद, मग घराबाहेर पडणं बंद. जाण्याच्या दहा दिवस आधी मी भेटायला गेले ते ठरवूनच, की आज म्हणायचंच. लिफ्टमध्ये मनात दोनदा घोकलं सुद्धा. दार उघडलं शोभावहिनींनी, मी ‘कसे आहेत?’ म्हणाले आणि सुरुवातीचा मोका हुकला. सर खिडकीशी त्यांच्या वेताच्या खुर्चीत बसले होते, दाराकडे तोंड करून, येणारं-जाणारं दिसावं म्हणून. अंगानं निम्मे झालेले. डोळे मात्र तेच. ग्रॅहमनं सासूला फोनवर ओत्सुकारे म्हटलं आणि ती रडली, हे मी सांगितलं तर लहान मुलासारखे खूश झाले. मग मी औषधांचं विचारलं, पावसाचं बोलले. ते म्हणाले, ‘ताई, आज काहून तोलून तोलून बोलून राह्यल्या?’ ‘काही नाही हो,’ मी म्हणाले. घड्याळात बघितलं, उठले. दाराशी चपला घातल्या. आणि तिथेच थांबले, पाठमोरी. आता तरी. खुर्चीतून आवाज आला, ‘काही राह्यलं का?’

‘छत्री,’ मी म्हणाले.

‘तुमच्या हातातच आहे.’

‘अगं बाई, हो की!’ मी हसले. तेही हसले, आणि त्या हसण्यात मला असं वाटलं की त्यांना सगळं ठाऊक आहे. ‘येते हं, सर,’ मी म्हणाले. ते म्हणाले, ‘इत्तेराश्शाइ.’ जाऊन या. पूर्वी ते लिफ्टचं दार बंद होईपर्यंत जाळीच्या दारात उभे राहायचे, ही त्यांची जपानहून आणलेली सवय. माणूस दिसेनासा होईतो आत वळायचं नाही. त्या दिवशी उठता येईना, म्हणून खुर्चीतूनच हात वर करून धरला. लिफ्ट लवकर आली. इतर वेळी ती मेली दहा दहा मिनिटं येत नाही.

अंत्यसंस्काराला गर्दी होती. कारखान्यातली माणसं, वर्गातली माणसं, लिम आंटी काळ्या कपड्यात, ग्रॅहम आणि त्याची बायको. भिक्खूंनी त्रिशरण म्हटलं, मी हात जोडून उभी राहिले. दोन आठवड्यांनी वर्गातल्या लोकांनी कम्युनिटी रूममध्ये एकदा जमायचं ठरवलं. शोभावहिनी खाली आल्या आणि लाल पाठीची वही माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, ‘तुमच्यापाशी द्यायला सांगून ठेवलं होतं त्यांनी. वर्ग चालवायचा म्हणाले, बंद नाही पाडायचा.’ मी वही घरी आणली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून दिली. आठवडाभर तिला हात लावायचा धीर झाला नाही. मग एका रविवारी दुपारी उघडली. ‘गोकुरोसामा’च्या पानावर, कोण म्हणू शकतं या रकान्यात लिहिलं होतं, ‘फक्त वरच्यानं खालच्याला. आमच्या ताईंना विचारा.’ हसले, पानं उलटत गेले. ‘ओकाएरी’च्या पानावर उत्तराच्या रकान्यात तादाइमा, आणि बाजूला त्या म्हातारीचं नुसतं एक चित्र, कंबरेवर हात.

शेवटच्या भरलेल्या पानावर वर मथळा होता, ‘माझ्याकडचे’. बहुधा जपानी शिकवून झाल्यावर एक शनिवार आपल्याकडच्या ग्रीटिंग्जवर घ्यायचा त्यांचा विचार असावा. नमस्कार. येतो. जेवलात का. चौथी ओळ, जय भीम. त्यानं काय होतं, या रकान्यात लिहिलं होतं, ‘दोघं ताठ उभे राहतात.’ उत्तर काय द्यायचं, तर ‘हेच.’ आणि कोण म्हणू शकतं, या रकान्यात एकच शब्द. ‘कोणीही.’ खाली रेघ नाही, उद्गारचिन्ह नाही, वर ‘नमस्कार’पुढे लिहिलं होतं तसंच, त्याच पेनानं, त्याच अक्षरात.

मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले. सात वर्षं जे कारण मी उराशी धरून बसले होते, ते त्यांनी एका शब्दात निकालात काढलं होतं, आणि मला एकदाही टोचून बोलले नव्हते. त्यांना फक्त विचारायचं होतं. सर, हे मी म्हटलं तर चालेल का? एवढंच. ग्रॅहम दर शनिवारी पेन उगारून विचारायचा, त्याला लाज नाही वाटली. ईशा आता नोकरी करते, त्या दिवशी घरीच होती. वही बघितली, माझ्याकडे बघितलं. ‘शोभा आंटी इज स्टिल देअर, ममा,’ एवढंच म्हणाली, आणि तिच्या खोलीत गेली.

परवाच्या शनिवारी वर्ग घेतला. तोडकामोडका, पण घेतला. वही पिशवीत घातली आणि वर गेले. पाऊस पडून गेला होता, कॉरिडॉरमधल्या कुंड्या ओल्या होत्या. अकराव्या मजल्यावर नेहमीसारखं आतलं दार उघडं आणि जाळीचं बंद. जाळीतून समोर वेताची खुर्ची दिसत होती, दाराकडे तोंड केलेली. वहिनी स्वयंपाकघरात असाव्यात, मिक्सरचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत मी थांबले. मग रिकाम्या खुर्चीकडे बघून, जरा मोठ्यानं, म्हणाले,

‘जय भीम.’

‘जय भीम! आली, आली,’ आतून लगेच आवाज आला, इतका सहज, जसा रोज येत असेल तसा. वहिनी पदराला हात पुसत किल्ली घेऊन बाहेर आल्या. मला बघितलं आणि किल्ली हातातच राहिली.

‘तुम्ही होय, ताई...’ त्या म्हणाल्या. ‘मला वाटलं, आपल्यातलंच कोणी आलं.’

त्यांनी एकदा वळून त्या खुर्चीकडे बघितलं, मग कुलपाला किल्ली लावली. जुनं कुलूप, दोनदा फिरवावं लागतं. दार उघडून त्या बाजूला झाल्या.

‘या,’ म्हणाल्या.

मी चपला काढल्या. छत्री भिंतीला टेकून ठेवली आणि आत गेले.